तिसरी पेनल्टी

उंबरा तालमीनं अकरा वर्षांनी फुटबॉलचा चषक जिंकला आणि चौथ्याच दिवशी तो लबाडीचा निघाला.

शालन मेस्त्री तेव्हा गिरणीत होती. जात्याच्या तोंडातून गव्हाचं पीठ डब्यात पडत होतं आणि तिचा नवरा महिपती दारातल्या बाकावर बसून मोबाइलवर बातम्या वाचत होता. त्यानं काहीतरी वाचून दाखवलं, पण घरघरीत तिला ऐकू आलं नाही. तिनं बटण बंद केलं. महिपतीनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उंबऱ्याच्या खेळाडूंच्या शिनगार्डमध्ये, म्हणजे नडगीवर बांधायच्या ढालीत, एक यंत्र सापडलं होतं. ते खेळाडूच्या पोटरीला इशारे देत होतं.

शालनला काही विचारायचं होतं, पण आवाज फुटेना. अंतिम सामन्यात ओरडून बसलेला घसा अजून सुटला नव्हता.

तो सामना कोल्हापुरात कुणी विसरणं शक्य नव्हतं. चौरंग तालीम विरुद्ध उंबरा तालीम, बरोबरी, मग टायब्रेकर. उंबऱ्याचा गोलकीपर नौशाद शिकलगार यानं पाचांतल्या तीन पेनल्ट्या अडवल्या. तेवीस वर्षांचा हा पोरगा शालनच्या गल्लीतला, तिच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झालेला. तिसरी पेनल्टी अडवून तो उठला तेव्हा आपण एकसष्ट वर्षांच्या आहोत हे शालन विसरली होती. दुसऱ्या दिवशी एका राष्ट्रीय क्लबाच्या माणसानं नौशादला फोन केला होता.

बातमीनंतर तासाभरात गल्ली पेटली. कुणी म्हणालं, हा चौरंगवाल्यांचा डाव आहे. कुणी म्हणालं, यंत्र असेल तर असू दे, बूट चांगले घेतले तर ती लबाडी होते का? तालमीच्या कट्ट्यावर एकच माणूस सकाळी नौशादच्या बाजूनं आणि दुपारी त्याच्या विरुद्ध बोलताना शालननं ऐकला. संध्याकाळपर्यंत आणखी एक गोष्ट बाहेर आली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. यंत्राला ते इशारे कुठून मिळत होते, तर पाठीराख्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यांमधून.

त्या पट्ट्या तालमीनं हंगामाच्या सुरुवातीला वाटल्या होत्या. मऊ रबराच्या, गोल झाला की भगव्या उजळणाऱ्या. चार हजार जणांनी त्या हौसेनं घातल्या होत्या. त्या बनवल्या होत्या श्रीधर कुंभोजेनं. तोही उंबऱ्याचाच. परदेशात कृत्रिम हात बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत आठ वर्षं काढून तो परत आला होता. त्यानं खेळाडूंना सांगितलं होतं की शिनगार्डमधली चकती पायात गोळे येऊ नयेत म्हणून आहे.

फुटबॉल संघटनेच्या नियमांच्या पुस्तकात असल्या गुन्ह्याला कलमच नव्हतं. दोन्ही तालमींच्या पेठांत दगडफेक व्हायची चिन्हं दिसू लागली तेव्हा सचिवांनी तोडगा काढला. दोन्ही तालमींच्या पाठीराख्यांनी तीन-तीन माणसं द्यावीत आणि शिक्षा त्यांनीच एकमतानं ठरवावी. आठवड्यात एकमत झालं नाही, तर पुढच्या वर्षी शहरात लीगच होणार नाही. उंबऱ्यानं शालनचं नाव दिलं. बारा वर्षांची असल्यापासून ती मैदानावर येत होती, आणि तिच्या तोंडून पंचाला कधी शिवी गेलेली नव्हती.

पहिली बैठक संघटनेच्या कचेरीत झाली. चौरंगवाल्यांच्या बाजूनं बोलले ते तिबिले अण्णा, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. हळू बोलायचे, पण शब्द मागं घ्यायचे नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चषक काढून घ्यायचा, उंबऱ्याला दोन वर्षं बाहेर ठेवायचं आणि नौशादला जन्मभर.

शालन म्हणाली, "अण्णा, त्या पोराला काय ठाऊकच नव्हतं."

"शालनताई, शर्यतीच्या घोड्याला मालकानं औषध पाजलं, तर घोड्याला तरी कुठं ठाऊक असतं? पण शर्यत त्याची धरत नाहीत. त्याला बाहेर काढतातच."

"घोडा आणि माणूस एकच का?"

अण्णा म्हणाले, की तेच कळेना झालंय. माणूस असेल तर तो खेळला की नाही, हे आधी कुणीतरी सांगावं.

बैठक तिथंच थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नौशाद गिरणीत आला. गव्हाच्या पोत्यावर बसला आणि पिठात बोटानं रेघा ओढत राहिला. क्लबाच्या माणसानं फोन उचलणं बंद केलं होतं, पण तो त्याबद्दल बोलला नाही. त्यानं सांगितलं की सकाळी तो तालमीच्या मैदानावर एकटाच सरावाला गेला होता. ओळखीच्या पोरांनी साधे बॉल मारले, तेही अडले नाहीत. बॉल यायच्या आधी पाय हलला की त्याला शंका येई, हा आपण हलवला की हलला. तेवढ्यात बॉल आत.

"काकी, मला एवढंच सांगा," तो म्हणाला. "मी उडी मारली का माझ्याकडनं मारून घेतली?"

शालननं त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या बैठकीला कुंभोजेला बोलावलं होतं. चाळिशीचा किडकिडीत माणूस, दाढी वाढलेली. तो लपवाछपवी न करता बोलला. वर्गात शिकवावं तसं.

त्यानं सांगितलं, की माणूस दुसऱ्याची हालचाल बघतो तेव्हा त्याचे स्वतःचे स्नायूही किंचित तयार होतात. समोरचा उडी मारणार असं दिसलं की बघणाऱ्याच्या पायातही बारीकशी वीज फिरते. ती इतकी कमी असते की त्याला पत्ताही लागत नाही. ज्यानं आयुष्यभर फुटबॉल बघितलाय, त्याचं शरीर बॉलला लाथ बसण्याच्या अर्धा सेकंद आधी ओळखतं की बॉल कुणीकडं जाणार. मारणाऱ्याची कंबर, खांदा, मागचा पाय, सगळं त्यानं हजारदा पाहिलेलं असतं. डोक्याला कळायच्या आधी मनगटाला कळतं. मनगटावरची पट्टी ती वीज मोजायची.

"एका माणसाचं मनगट चुकतं," कुंभोजे म्हणाला. "चार हजारांचं मिळून फार कमी चुकतं."

त्या चार हजार इशाऱ्यांची सरासरी खेळाडूच्या शिनगार्डला जायची. बॉल डावीकडं येणार असेल तर डाव्या पोटरीवर बारीक थरथर, उजवीकडं येणार असेल तर उजव्या. ही थरथर जाणवण्याच्या पातळीखालची होती. पाय तिचं ऐकायचे आणि खेळाडूला वाटायचं की आपल्यालाच सुचलं.

अण्णांनी विचारलं, हे केलं कशासाठी? कुंभोजे म्हणाला, की हात तुटलेल्या माणसांना दुसऱ्याच्या हाताचं कसब देता येईल का, हे त्याला बघायचं होतं. मैदानावर करून बघणं सोपं वाटलं. शिवाय उंबरा जिंकावा असंही वाटत होतं. हे शेवटचं वाक्य त्यानं खाली बघून म्हटलं.

मग त्यानं भिंतीवर एक यादी दाखवली. सगळ्या मनगटांना सारखी किंमत नव्हती. जे जास्त वेळा बरोबर ठरत, त्यांचं वजन यंत्र आपोआप वाढवत जाई. बहुतेकांची वजनं नगण्य होती. पहिल्या दहांतली बरी होती. पण सगळ्यांत वर एक क्रमांक होता, आणि त्या एकट्याचं वजन खालच्या तीनशे जणांइतकं होतं. क्रमांक दोनशे बारा.

"हा कोण आहे मला माहीत नाही," कुंभोजे म्हणाला. "पट्ट्या वाटताना नावं लिहून घेतली नव्हती. पण या माणसानं गोलकीपर व्हायला पाहिजे होतं."

शालननं टेबलाची कड धरली. आपल्या पट्टीच्या आतल्या बाजूचा आकडा तिला पाठ होता. प्रत्येक सामन्यानंतर ती पट्टी साबणानं धुवायची.

बारा वर्षांची असताना ती गल्लीत पोरांबरोबर गोलात उभी राहायची. दोन पायताणांच्या मधल्या गोलात. तिला चकवून गोल करणं पोरांना जमायचं नाही, म्हणून ती कुणाच्या बाजूनं खेळणार यावर भांडणं व्हायची. मग एक दिवस तिच्या वडलांनी तिला हाताला धरून घरी आणलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, आता बघायला चल माझ्याबरोबर, खेळायचं पुरे. त्या रविवारी ते तिला पहिल्यांदा स्टेडियमवर घेऊन गेले. तेव्हापासून ती बघत होती. एकोणपन्नास वर्षं.

कुंभोजेनं टायब्रेकरची नोंद काढली. पहिली पेनल्टी, इशारा डावा, नौशाद डावीकडं, अडवली. दुसरी आत गेली. तिसऱ्या किकला इशारा पुन्हा डावा, नौशाद डावीकडं, अडवली. चौथीही आत गेली. पाचवी, म्हणजे जी अडवल्यावर चषक मिळाला आणि जिला सगळं शहर ‘तिसरी पेनल्टी’ म्हणू लागलं होतं, तिला इशारा होता उजवा. नौशाद डावीकडं गेला होता.



अण्णा पुढं वाकले. "म्हणजे ती त्याची स्वतःची?"

कुंभोजेनं चष्मा काढून पुसला. सांगता येत नाही, म्हणाला. इशारा पोचायला उशीर झाला असेल. त्याचा पाय आधीच निघाला असेल. घामानं चकती सुटली असेल. किंवा त्यानं खरंच स्वतःचं ऐकलं असेल. "यंत्रानं काय सांगितलं ते मी सांगू शकतो. त्यानं काय ऐकलं ते नाही."

शालनला ती किक आठवत होती. बॉल उजवीकडं जाणार याची तिला पक्की खात्री होती. ती इतकी उजवीकडं झुकली होती की महिपतीच्या खांद्यावर आदळली होती. म्हणजे चुकली होती ती, आणि पोरगा तिचं न ऐकता जिंकला होता.

घरी आल्यावर तिनं महिपतीला सगळं सांगितलं. तो मितभाषी माणूस. त्यानं ताटं वाढली, कालवण गरम केलं आणि मग म्हणाला, की कुणालाच माहीत नाही, तर तू कशाला सांगतेस? मग तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"न्हाई," शालन म्हणाली. "वाटत न्हाई ह्याचंच वाईट वाटतंय."

ते खरं होतं. तिला शरम वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या शरमेखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते सारखं वर येत होतं. त्या दोन पेनल्ट्या अडवताना नौशादच्या अंगात तीही होती. पदराला मारलेल्या गाठीसकट, गुडघेदुखीसकट ती भर स्टेडियममध्ये गोलात उभी होती आणि तिनं बॉल अडवला होता. जे नौशादकडून चोरलं गेलं, तेच तिला मिळालं होतं. या दोन गोष्टी एका मनात कशा ठेवायच्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत तिनं पट्टी टेबलावर ठेवली आणि आकडा सगळ्यांना वाचू दिला.

सचिव म्हणाले, तुम्ही आता या मंडळात बसू शकत नाही. अण्णांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग ते तिच्याकडं वळले आणि थोड्या अविश्वासानं म्हणाले, "शालनताई, तुम्ही तर फक्त बघत होता."

"व्हय. पण माझ्या बघण्यानं तुमच्या पोरांचे गोल अडले. मला कळलं नव्हतं, तसं नौशादलाबी कळलं नव्हतं. मग त्याला जन्मभर बाहेर काढायचं, आणि मी पुढच्या रविवारी चिरमुरे घेऊन स्टँडात जाऊन बसायचं, हे कसं?"

मग तिनं मनात ठरवलेलं सांगितलं. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषी क्रियापदांत. "मी सांगतो ते ऐका. चषक परत द्यायचा. सामना पुन्हा खेळायचा, मैदान रिकामं ठेवून. नौशादनं खेळायचं, त्याच्या त्याच्या पायांनी. कुंभोजेनं परत कुठल्या संघाजवळ फिरकायचं न्हाई. आणि उंबऱ्याच्या पाठीराख्यांनी पुढचा सगळा हंगाम मैदानाबाहेर. ज्यांनी पट्टी घातली त्या सगळ्यांनी. पहिल्यांदा मी."

उंबऱ्याचे दुसरे दोघं उठून उभे राहिले. चार हजार निरपराध माणसांना शिक्षा, आणि तीही आपल्याच माणसाच्या तोंडून? त्यांतल्या एकानं तर विचारलं, की काकी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? शालनला ते खरंच ठाऊक नव्हतं.

वाद दोन तास चालला. कुणी म्हणे, पाठीराख्याचं मनगट आणि पाठीराखा हे वेगळे धरायला हवेत. कुणी म्हणे, ओरडून सांगितलेलं चालतं आणि मनगटानं सांगितलेलं चालत नाही, हा कुठला न्याय? एकदा तर चौरंगचा माणूस नौशादची बाजू मांडत होता आणि उंबऱ्याचा त्याला खोडत होता. दोघांनाही ते मधेच लक्षात आलं आणि दोघंही खाली बसले.

शेवटी अण्णा बोलले. "ती पट्टी आमच्या तालमीनं वाटली असती आणि मला सगळं माहीत असतं, तरी मी ती काढून फेकली असती का? छातीवर हात ठेवून मला हो म्हणता येत नाही." त्यांनी कागद ओढला. सामना पुन्हा होईल तेव्हा चौरंगचे पाठीराखेही आत येणार नाहीत, एवढी एक ओळ त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात वाढवली आणि सही केली. मग एकेकानं केली. उंबऱ्याच्या दोघांनी सगळ्यांत शेवटी.

त्या आठवड्यात गिरणीत डबे येईनासे झाले. वीस वर्षांपासूनची गिऱ्हाइकं दारावरून दळण घेऊन पुढच्या चौकातल्या चक्कीवर जाऊ लागली. कट्ट्यावरची माणसं शालन दिसली की बोलायची थांबायची. महिपती सकाळी तिच्याआधी उठून गिरणीचं दार उघडू लागला. एक दिवस नौशादची आई शमशाद ज्वारीचा डबा घेऊन आली. दळून होईपर्यंत ती उभी राहिली आणि जाताना म्हणाली, की पोराला खेळायला मिळालं हे बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही. शालन म्हणाली, मलाही.

सामना रविवारी दुपारी चार वाजता होता. प्रक्षेपणही बंद ठेवलं होतं, कारण घरात बसलेल्यांच्या मनगटांचा तरी भरवसा कुणी द्यावा? तरी स्टेडियमच्या भिंतीबाहेर दोन्ही पेठांची हजारो माणसं जमली. आतून फक्त आवाज येत होते. बुटाचा ठोका. पंचाची शिट्टी. खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका, ज्या एरवी कधीच कुणाला ऐकू येत नसत. बाहेर कुणी ओरडत नव्हतं. कशावर ओरडायचं, हेच दिसत नव्हतं.

शालन कडुलिंबाखाली उभी होती. तिच्याजवळ कुणी थांबत नव्हतं. थोड्या वेळानं तिबिले अण्णा काठी टेकत आले आणि शेजारी उभे राहिले.

शेवटच्या दहा मिनिटांत आत एकदम गलका झाला. कुणाचा गोल, ते कळायला मिनिटभर लागलं. मग शिपायानं फाटकातून एक बोट वर केलं आणि चौरंगचं नाव घेतलं. निम्मी गर्दी नाचू लागली. अण्णा नाचले नाहीत. त्यांनी शालनला नुसतं हात जोडले आणि आपल्या माणसांत गेले.

नौशाद बाहेर आला तेव्हा उंबऱ्याची बरीच माणसं निघून गेली होती. कपाळावर माती, गुडघा सोललेला. तो सरळ तिच्याकडं आला. त्यानं सांगितलं, की क्लबाच्या माणसाचा सकाळी फोन आला होता, गुरुवारी चाचणीला बोलावलंय, साध्या शिनगार्डवर. शालन म्हणाली, जा.

"गोल कसा खाल्लास?" तिनं विचारलं.

त्याचा चेहरा उजळला. शालननं गेल्या पंधरा दिवसांत तो असा पाहिला नव्हता. "काकी, तो डावीकडं मारणार हे मला दिसलं हुतं. तरीबी मी उजवीकडं गेलो. का गेलो म्हाइत न्हाई. पण गेलो तो मीच."

तो भर रस्त्यात हातांनी दाखवू लागला. मारणारा असा आला, असा थांबला, त्याचा हा खांदा पडला, मागचा पाय असा वळला. शालन बघत राहिली. नौशादनं लाथ मारायला पाय उचलला आणि ती मारायच्या आधीच तिचं सगळं अंग डावीकडं झुकलं.

नौशाद तसाच, एक पाय उचललेला, थांबला. तिनं स्वतःला सावरलं.

"बघा," तो हळूच म्हणाला. "तुमी आत असता तर अडवला असता."

मग तो आईच्या हाकेला ओ देत गेला. तो हे कौतुकानं म्हणाला की आरोप म्हणून, यावर शालन घरापर्यंत सगळी वाट विचार करत आली आणि तिला ते कळलं नाही.